'वनस्पतिचित्रण' की 'रानफुलांची चित्रे'?

प्रश्न असा आला आहे: सोलापूर परिसरातल्या माळावरच्या फुलांची विद्यार्थ्यांनी बारकाईने काढलेली चित्रे शाळेत मांडायची आहेत, फलकावर 'रानफुलांची चित्रे' लिहावे की 'वनस्पतिचित्रण'?

माझे मत 'वनस्पतिचित्रण'. (समासात 'ति' ऱ्हस्वच.) 'फुलांची चित्रे' म्हटले की शोभा डोळ्यांपुढे येते, इथे हेतू ओळख पटवण्याचा आहे. तरवडाचे चित्र घ्या. नुसता पिवळा तुरा रंगवून भागत नाही. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णे (पानासारखे छोटे भाग) असतात, त्यांवरूनच शास्त्रीय नावात 'ऑरिक्युलाटा' आले. ती हवीत, चपटी शेंग हवी, फूल उकलून पुंकेसरही दाखवायला हवेत.

'रानफुले' हा शब्द मला प्रिय आहे, पण आपल्याकडे 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय! पडीक गवताळ जमीन ती माळ. म्हणून खाली छोट्या अक्षरांत 'सोलापूरच्या माळावरची फुले' असे जोडा.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते, चित्राखालची नावे. अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ दरम्यान छापलेल्या, मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाच्या बारा खंडांत चित्रांवर रोमनबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरी लिपीतही नावे कोरली आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने कोरोमंडल म्हणजे भारताच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या वनस्पतींचे ३०० चित्रफलक १७९५ पासून प्रसिद्ध केले, त्यांच्या वर्णनांत तेलुगू नावे दिली. चित्रे काढणारे हात मात्र बहुधा अनामिक राहिले. पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेत तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सनने १८४७ च्या सुमारास करून घेतलेली सुंदर चित्रे आज एडिंबरात आहेत. चित्रकाराचे नाव नोंदलेलेच नाही. याची मला फार खंत वाटते.

सोलापुरात तर तीन भाषा घराघरांत नांदतात. मराठीतला तरवड कन्नडमध्ये आवरिके, तेलुगूत तंगेडु. शहराच्या तेलुगू भाषकांच्या पूर्व भागात बतुकम्मा (तेलुगू सणातली फुलांची रास) रचताना हीच फुले लागतात. तेव्हा प्रत्येक चित्राखाली शास्त्रीय नाव, मग तिन्ही भाषांतली नावे, तीही घरच्या मोठ्या माणसांना विचारून लिहा. त्याखाली फूल कुठे, कोणत्या महिन्यात दिसले ते, आणि ज्या मुलाने किंवा मुलीने चित्र काढले त्यांचे पूर्ण नाव.