सह्या झाल्या, आता हरकत लिहायला बस

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि पेटिशनची लिंकही उघडून पाहिली. कॉलनीमागच्या मैदानाचं आरक्षण, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ती जागा मैदानासाठी राखून ठेवलीय ते, बदलायचा घाट घातलाय, तुम्ही पोरांनी आठवड्याभरात ढीगभर सह्या जमवल्यात, आणि आता विचारतेस की काका पुढे काय. सह्या वाया गेल्यात असं मी म्हणत नाही. पण मुख्यमंत्री, आयुक्त, आमदार, खासदार, झाडून सगळ्यांना टॅग केलंयस, आणि सगळ्यांना पाठवलेलं पत्र म्हणजे कोणालाच न पाठवलेलं पत्र, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा. तो कागद कोणत्या टेबलावर आहे ते आधी शोध.

पेपरात पालिकेची जाहीर सूचना आली असेल, नाव बदलल्याच्या आणि शेअर सर्टिफिकेट हरवल्याच्या जाहिरातींच्या मधे बारीक टायपात येते ती. तिचा नीट फोटो काढ. त्यात 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६' आणि बहुतेक कलम ३७ असं लिहिलेलं असेल. हे कलम विकास योजनेतल्या, म्हणजे त्याच विकास आराखड्यातल्या, किरकोळ फेरबदलांसाठी आहे, म्हणजे योजनेचं मूळ स्वरूपच बदलून जाईल असा फेरबदल यातून करता येत नाही, आणि सूचनेच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत कोणीही, परत सांगतो कोणीही, हरकत किंवा सूचना देऊ शकतं. जागेचा मालक असायला नको, शेजारी राहायला नको. त्यानंतर सुनावणी, मग प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य सरकारकडे. एकदा मंजुरी मिळून राजपत्रात आलं की मग कोर्टाची पायरी चढायची, तेव्हा मोर्चे काढणं म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून सगळा जोर या एका महिन्यावर लावायचा.

कागद कसला आहे ते ओळखणं फार महत्त्वाचं असतं, आपल्याकडे लोक सरसकट 'सरकारचा निर्णय' म्हणून ओरडतात. जीआर, म्हणजे खात्याने काढलेला शासन निर्णय, असेल तर तो एका संध्याकाळीही मागे घेता येतो. हिंदीचंच बघ, पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून १६ एप्रिल २०२५ ला जीआर आला, १७ जूनला सुधारून आला, आणि एवढा गदारोळ झाला की २९ जूनला दोन्ही रद्द करून समिती नेमली. तिथे रस्त्यावरचा दबाव कामी आला कारण कागदच तसा होता. कायदा बदलायचा तर विधिमंडळात जावं लागतं, विजेचे दर असतील तर वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत जावं लागतं, तिथे मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं आकडे घेऊन बाजू मांडलीय, ते काम रटाळ असतं आणि टीव्हीवर येत नाही, पण बिलात दिसतं.

आता सह्यांचं. संख्येने काय होतं आणि काय होत नाही याची मुंबईतलीच दोन उदाहरणं देतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये पालिकेने शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आणला, २०१४ ते २०३४ साठीचा. साठ हजारांहून जास्त हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला, सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये. दुसरं आरेचं. २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी अडीच हजारांहून जास्त झाडं तोडायचा प्रस्ताव होता, हरकती ऐंशी हजारांच्या वर गेल्या, तरी वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्टमध्ये मंजुरी दिली आणि ऑक्टोबरमध्ये रातोरात करवती चालल्या. संख्या दुसऱ्या वेळी जास्त होती, बरं का.

फरक कुठे होता? राजकारण होतंच, ते नाकारणारा माणूस मुंबईत राहिलेला नाही. पण माझं मत विचारशील तर आराखड्याच्या वेळी लोकांनी 'आराखडा नको' एवढंच लिहिलं नव्हतं. माझ्या बिल्डिंगवरून रस्ता नेलाय, हे देऊळ तुम्ही भलतंच काहीतरी दाखवलंय, हा सीटीएस नंबर (जमिनीचा सिटी सर्व्हे क्रमांक) चुकलाय, अशा एकेका चुका बोट ठेवून दाखवल्या होत्या, आणि कागदच इतका चुकीचा ठरला की त्याचं समर्थन करणं सत्तेतल्यांनाही जड गेलं. आरेच्या वेळी सरकारच्या मते प्रश्न मेट्रो हवी की नको एवढाच उरला होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. अर्थात उलटंही घडतं. २०१५ मध्येच इंटरनेट सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, दहा लाखांवर ईमेल गेले, बरेचसे एकाच साच्यातले, आणि पुढच्या फेब्रुवारीत वेगवेगळ्या वेबसाइटसाठी इंटरनेटचे वेगवेगळे दर लावायला बंदी घालणारा नियम आला. पण तिथे साच्यातल्या त्या ईमेलमध्ये ट्रायच्या प्रश्नांची मुद्देसूद उत्तरं होती, ती कोणीतरी रात्री जागून लिहिली होती. तुमच्यातल्या चौघांनी आता तेच करायचं.

हरकत लिहायची कशी, तर पहिल्या परिच्छेदात सूचनेचा क्रमांक, तारीख, सीटीएस नंबर, आत्ताचं आरक्षण आणि प्रस्तावित बदल. पालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे त्या जागेवर आराखड्यात काय आरक्षण आहे याचा दाखला, काढून जोड, म्हणजे तुम्ही हवेत बोलत नाही हे कळतं. मग मुद्दे, एका मुद्द्याला एक परिच्छेद. 'हिरवळ ही शहराची फुफ्फुसं आहेत' वगैरे वाक्यं आवर, अधिकाऱ्याने ती इतक्यांदा वाचलीत की डोळा आपोआप खाली सरकतो. त्याऐवजी संध्याकाळी सहा ते आठ त्या मैदानावर जाऊन बसा, किती पोरं खेळतात, कुठल्या बिल्डिंगमधली, कुठल्या वस्तीतली, जवळचं दुसरं मैदान किती लांब, मधे हायवे आहे का, ते मोजा, तारीख घालून फोटो काढा. २०११ च्या सुमाराला मुंबईतल्या बायकांच्या संघटनांनी मुताऱ्यांचा प्रश्न घेतला, 'राइट टू पी' म्हणून, तेव्हा त्यांनी भाषणं ठोकण्याआधी शहरातली स्वच्छतागृहं स्वतः फिरून पाहिली, आणि पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे हा हिशोब कागदावर मांडला. तो खोटा आहे असं कोणी म्हणू शकलं नाही. आणि शेवटी नुसता विरोध लिहू नको, तुम्हाला काय हवं ते लिही. आरक्षण आहे तसं ठेवा, आणि बदल करायचाच असेल तर अमुक अटी घाला. फाइलवर शेरा लिहिणाऱ्याला आयतं वाक्य मिळालं तर ते उचललं जाण्याची शक्यता असते, खरंच असते.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, एकच विषय ठेव आणि दीडशे शब्दांत बसव, महाराष्ट्राच्या नियमात तसं आहे. हा प्रस्ताव कोणाच्या अर्जावरून सुरू झाला, त्यावर खात्यांचे अभिप्राय काय, एवढंच माग. उत्तराला ३० दिवस आणि हरकतीलाही महिनाच, म्हणजे हरकतीच्या आधी उत्तर हातात पडेल या भरवशावर राहू नको, ते सुनावणीला उपयोगी पडेल.

आता एक बोचणारी गोष्ट. तुझ्या सह्यांच्या यादीतली बरीचशी नावं सोसायट्यांमधली दिसतात. मैदानाच्या पलीकडे चाळी आहेत, त्यामागे झोपडपट्टी आहे, तिथली पोरंच तिथे जास्त खेळत असतील, मग त्यांची नावं कुठायत? मुंबईतल्या नागरिक गटांची ही जुनी खोड आहे, एएलएममध्येही (पालिकेच्या योजनेतले गल्लीगल्लीचे नागरिक गट) मी हेच पाहिलं, कचरा आणि फुटपाथवर कामं छान झाली पण बैठकीला यायचे ते फ्लॅटवालेच. फेरीवाल्यांबद्दल तर काही विचारू नको, आपण त्यांना 'समस्या' म्हणूनच बोलतो, पण २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा त्यांच्याच प्रतिनिधींना दिल्यात, म्हणजे धोरण ठरवताना तेही आपल्यासारखेच टेबलाला बसलेले नागरिक. तुमच्या मैदानाबाहेर वडापाववाला असेल ना, त्याला विचार. त्याच्याइतकं मैदान कोणी पाहत नाही.

एका सुनावणीत एक कोळीण मावशी माझ्या पुढे होत्या. आमच्यासारख्यांनी कलमं वाचून दाखवली, साहेब मान हलवत होते, क्लार्क लिहितोय की नाही ते कळत नव्हतं. मावशी उठल्या, भिंतीवरच्या नकाशाजवळ गेल्या, मोकळी म्हणून दाखवलेल्या एका पट्ट्यावर हाताचा पंजा ठेवला आणि म्हणाल्या, इथे आमचे बोंबील सुकतात, मोकळं कुठे आहे? त्यानंतर पहिल्यांदा साहेबांनी पेन उचललं आणि क्लार्कला विचारलं, ही शीट कितवी. तुमच्या सुनावणीला बोलायला अशी माणसं ने, सगळे वकील आणि आर्किटेक्ट नेऊ नको. एकाला पाच मिनिटं मिळाली तरी खूप, त्यामुळे कोण काय बोलणार ते आदल्या रात्री वाटून घ्या, चौघांनी तेच तेच बोललं की साहेब घड्याळ बघतात.

नगरसेवकालाही भेट. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं पालिकेत प्रशासकच होता, भेटायला कोणी नव्हतं, आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर २२७ नगरसेवक निवडून आलेत. तुमच्या वॉर्डाचा कोणत्या पक्षाचा आहे याने फार बिथरू नको, विरोधात असेल तर सभागृहात प्रश्न विचारेल, सत्तेत असेल तर आत फोन करेल, दोन्हीचा उपयोग आहे. फक्त त्याच्या बॅनरवर तुमच्या गटाचे फोटो जाऊ देऊ नका, दुसऱ्या दिवशी अर्धे लोक गळतात.

हरकत ईमेलने पाठव आणि छापील प्रतही इनवर्डला, म्हणजे पत्रं स्वीकारतात त्या खिडकीवर, नेऊन दे. दोन प्रती ने, एकीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नको, 'उद्या या मॅडम' म्हटलं तरी नाही. सह्यांचा गठ्ठा त्यालाच जोड. सुनावणीचं पत्र कधीकधी अगदी आयत्या वेळी येतं, म्हणून ज्याला त्या दिवशी नक्की सुट्टी घेता येईल त्याचा पत्ता आणि फोन हरकतीवर टाक, बाकीच्यांची अधिकारपत्रं आत्ताच सही करून त्याच्याकडे ठेवा. कच्चा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव, मराठीतच लिही, खाडाखोड मी करतो.

तुझा काका