फेस्त, तियात्र आणि प्रार्थना: गोव्यात श्रद्धा पातळ होते का?

प्रश्न असा आहे: "आम्ही मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. बदलीमुळे पुण्याहून मडगावला आलोय. इथे फेस्त (चर्चचा सण), तियात्र (कोंकणी संगीत नाटक), कार्निवल, बँड हे सगळं चर्चला इतकं चिकटलेलं दिसतं की गोंधळायला होतं. पुण्यात आमचा मुलगा चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायचा, आता इथल्या लग्नाच्या बँडमध्ये जायला लागलाय. अशा वातावरणात श्रद्धा टिकते का, की हळूहळू नुसता उत्सव उरतो?"

टिकते. माझी तर इथे आल्यावर जास्त घट्ट झाली, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगते. तुमच्या काळजीचा एक भाग मात्र मलाही पटतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

मी मूळची नगरची. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढले. रविवारची उपासना म्हणजे पेटी, तबला, टाळ आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं. लग्न होऊन गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या एका कॅथलिक घरात आले आणि पहिल्याच मे महिन्यात वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, खुरसापाशी (क्रुसापाशी) लादीन ही गाऊन म्हणायची प्रार्थना ऐकली. लॅटिन शब्द, दोन आवाजांतलं गाणं, साथीला एका म्हाताऱ्या गृहस्थांचं व्हायोलिन. प्रार्थना संपली तसे उकडलेले चणे वाटले, फेणीची बाटली उघडली, पोरं धावायला लागली आणि त्याच खुरसासमोर कुणीतरी मांडो सुरू केला. ज्यांनी आत्ता "ओरा प्रो नोबिस" म्हटलं होतं त्याच बायका आता प्रेमाचं गाणं गात होत्या. आमच्याकडे प्रार्थनेची जागा वेगळी, करमणुकीची वेगळी. मला ते पचायला वेळ लागला.

सासूबाईंना आम्ही सगळे मांय म्हणतो. संध्याकाळचा तेर्स (रोझरीची प्रार्थना) त्यांनी कधी चुकवलेला मी पाहिलेला नाही, आणि नवं तियात्र लागलं की पहिल्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्याही त्याच. त्यांना मी एकदा विचारलं, मांय, देवासमोर हे चालतं? त्या म्हणाल्या, "बाय, मागण्याक एक आनी गाण्याक एक, अशे दोन आवाज हांव खंयचे हाडूं?" म्हणजे प्रार्थनेला एक आणि गाण्याला एक, असे दोन आवाज मी कुठून आणू? या वाक्यानंतर मी इथलं चर्च वेगळ्या कानांनी ऐकायला लागले.

तुम्ही पुण्यात जी भजनं गाता त्यांच्याकडेही असंच बघा. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या काळी आपल्या उपासनेत परदेशी चालींवर बसवलेल्या अनुवादित गीतांचा मोठा भर होता. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणलं. वारीत, कीर्तनात, जात्यावर गायली जाणारी ती रूपं त्या काळाची लोकांची करमणूकही होती आणि भक्तीही. आज आपल्याला ती भजनं पवित्र वाटतात, कारण आपल्या आज्यांनी ती गाऊन गाऊन पवित्र केली.

गोव्यात हे त्याच्याही पावणेतीनशे वर्षं आधी घडलं होतं. मडगावपासून जवळच रायतूर आहे. तिथे 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. जन्मानं इंग्रज असलेल्या या जेझुइट धर्मगुरूनं बायबलमधली कथा मराठीत लिहिली, जवळपास अकरा हजार ओव्यांत. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला, म्हणायला काहीतरी हवं होतं. त्यांना ज्याची सवय होती तेच रूप स्टीफन्सनी घेतलं. चर्चमध्ये लोक जमून ते पुराण म्हणत. मराठी ख्रिस्ती म्हणून मला याचा फार अभिमान वाटतो. आपल्या भाषेतलं ख्रिस्ती गाणं इथूनच निघालेलं आहे, तेव्हा तुम्ही परक्या मुलखात आलेला नाहीत.

पुढे सत्तेनं हे सगळं पुसायचा प्रयत्न केला. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. 1736 मध्ये इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयानं लग्नातल्या ओव्या, देशी वाद्यं, अंगणातली तुळस अशा कितीतरी गोष्टींवर बंदी घातली. तुम्हाला इथल्या कॅथलिक लग्नाचं आमंत्रण आलं तर आदल्या दिवशीच्या रोसाला आवर्जून जा. नवरीच्या अंगाला नारळाचा रस लावतात आणि म्हाताऱ्या बायका झोती ही लग्नाची गाणी म्हणतात. सुरुवात पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं होते आणि चाल ऐकून मला आमच्या नगरकडच्या हळदीच्या ओव्या आठवतात. फर्मानाला तीन शतकं होत आली, बायका गातायत. घुमट या मातीच्या तालवाद्याचंही तेच. चवथीला हिंदू घरांत आरतीला घुमट लागतो आणि ख्रिस्ती घरांत मांडो आणि दुलपद या गाण्यांना. 2019 मध्ये राज्यानं त्याला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. एवढ्या दडपणातून लोकांनी गाणं आणि देव दोन्ही एकाच हातानं धरून ठेवले. म्हणून नाचगाण्यानं श्रद्धा पातळ होते हे मला गोव्याच्या बाबतीत मान्य होत नाही.

आता तुमच्या मुलाकडे येते.

इथल्या चर्चना जोडून पूर्वीपासून शाळा असत. तिथला मेस्त, म्हणजे चर्चचा गायनशिक्षक, गरीब घरच्या मुलांनाही सा-रे-ग-म वाचायला शिकवायचा, पाश्चात्त्य पद्धतीनं, कागदावरची स्वरलिपी पाहून. हातात व्हायोलिन द्यायचा. हेतू एवढाच की रविवारी मिस्सेला (चर्चच्या उपासनेला) वाजवणारं कुणी असावं. यातली कितीतरी मुलं पोटापाण्यासाठी मुंबईला गेली, जॅझ बँडमध्ये शिरली, तिथून सिनेमाच्या स्टुडिओत. हिंदी चित्रपटसंगीतातल्या वाद्यवृंदाचा मोठा भाग या गोंयकारांनी उभा केला. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. वडील गावच्या चर्चचे गायकवृंद सांभाळणारे. मुंबईत त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या मुलांपैकी एक म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलालनी गुरूचं नाव गाण्यात घातलं आणि देशभर ते लोकांच्या तोंडी बसलं. माजोर्ड्याच्या चर्चमधून सुरू झालेली ही वाट आहे. तुमच्या मुलानं पुण्याच्या चर्चमधून लग्नाच्या बँडकडे जाणं इथल्या लोकांना म्हणूनच अजिबात नवलाचं वाटत नाही.

तियात्राबद्दल तुम्ही जरा नाराजीनं लिहिलंय. एकदा बघा, मगच मत बनवा. पहिलं कोंकणी तियात्र 17 एप्रिल 1892 ला मुंबईत झालं, गोव्याबाहेर पोटासाठी गेलेल्या माणसांनी केलं. आज मडगावच्या रवींद्र भवनात तियात्र असलं की पार्किंगला जागा मिळत नाही. कथा बहुतेक वेळा घरातली असते: परदेशी गेलेला मुलगा, एकटी पडलेली आई, वाटणीवरून बोलणं टाकलेले भाऊ. पडदा पडला की कांतार, म्हणजे गाणं, येतं, त्याचा कथेशी संबंध नसतो. मंत्र्याची, पंचाची, बिल्डरची, कधी पाद्रीची सुद्धा नाव न घेता खरडपट्टी काढतात आणि प्रेक्षक "वन्स मोअर" ओरडतात. मांयच्या शेजारी बसून मी एक तियात्र पाहिलं, त्यात शेवटी थोरला भाऊ धाकट्याच्या दारात येऊन उभा राहतो. मांय रडत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बहिणीला फोन केला. एका जमिनीवरून दोघी बोलत नव्हत्या. प्रवचनात क्षमेबद्दल त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं होतं, पण फोन तियात्रानं करवला. दोन्ही लागतात असं मला वाटतं, आणि तियात्र ज्या मनात रुजलं ते मन प्रवचनांनीच तयार केलेलं होतं.

आता तुमच्या काळजीचा जो भाग मला पटतो तो. पणजीच्या रस्त्यावरची कार्निवलची मिरवणूक बघून तुम्हाला धक्का बसला असेल तर मी तुमच्या बाजूनं आहे. किंग मोमो हा कार्निवलचा राजा, जाहिरातींचे चित्ररथ, मोठमोठे स्पीकर. या रूपातली मिरवणूक गोवामुक्तीनंतर, 1960 च्या दशकात सुरू झाली आणि आता ती पर्यटनासाठी चालते. हाच सण चांदरला बघा. तिथे कार्निवलच्या दिवसांत गावातले ख्रिस्ती गांवकर मुसळखेळ करतात, हातात मुसळं घेऊन, जुन्या काळच्या एका विजयाची आठवण म्हणून, घुमटाच्या तालावर घरोघर जातात. आधी प्रार्थना करतात. एकाच सणाची ही दोन टोकं आहेत. माझी कसोटी सोपी आहे: हे लोक स्वतःसाठी करतायत की बघणाऱ्यांसाठी? गाणारा, ऐकणारा आणि चणे वाटणारा एकाच वाड्यावरचा असेल तर मला तिथे चर्च दिसतं, वेदी नसली तरी. बघणाराच मालक झाला की तिथून माझं मन निघतं.

सिनेमानं आमचं जे चित्र उभं केलं त्याचाही मला खरोखर त्रास होतो. वर्षानुवर्षं पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस म्हणजे दारू पिऊन झुलणारा, ख्रिस्ती मुलगी म्हणजे सहज हाती लागणारी, आणि चर्च म्हणजे नायकानं मेणबत्त्यांच्या उजेडात देवाशी भांडायची जागा. पहाटे उठून मिस्सेला जाणारी नर्स, लादीनासाठी खुरीस रंगवणारा गवंडी, आठवडाभर आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या बायका यांतलं कुणी दिसत नाही. नगरचे नातेवाईकसुद्धा फोनवर विचारतात, "गोव्यात म्हणजे मजाच ना?" मग पर्यटक तेच चित्र डोक्यात घेऊन जुन्या गोव्यात येतात. बॉम जेझस चर्चमध्ये नोव्हेनाच्या, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, वेळी एक बाई हात जोडून रडत होत्या आणि त्यांच्या अगदी खांद्याजवळ उभं राहून दोघं सेल्फी घेत होते. त्या बाई बेळगावहून चालत आल्या होत्या. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

त्यामुळे घरात कशाची काळजी करायची ते नीट ओळखा. मुलगा रात्री लग्नात वाजवतो याची नको. तो ज्यांच्याबरोबर वाजवतो ते कोण आहेत, ते एकमेकांच्या घरी जातात का, कुणी आजारी पडलं तर धावतात का, हे विचारा. इथल्या बँडमधले अर्धेअधिक लोक कुठल्यातरी चर्चच्या गायकवृंदातले असतात. आमच्या गावातले ट्रम्पेटवाले शनिवारी मध्यरात्रीपर्यंत लग्न वाजवतात आणि रविवारी सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी चर्चच्या माडीवर गायकवृंदात हजर असतात.

आणि लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, येऊ द्या, इथे त्याला कोरेज्म म्हणतात. त्या चाळीस दिवसांत कॅथलिक लग्नं होत नाहीत, बँडची मंडळी मोकळी असतात. तीच मंडळी चर्चमध्ये मोतेत गातात, वाजवतात. मोतेत म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाची लॅटिन गीतं, तीन-चार आवाजांत, व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीनं. काही चर्चमध्ये पडदा सरकवून दुःखसहनाचे देखावे दाखवतात, आणि मिरवणुकीत एक मुलगी व्हेरोनिका होऊन ख्रिस्ताचा चेहरा उमटलेलं वस्त्र उलगडत गाते. ते पाहिलं की तियात्र या लोकांच्या अंगात कुठून आलं हे मला तरी वेगळं विचारावं लागलं नाही. तुमच्या मुलाला त्या सरावाला पाठवा. कॅथलिक नाही म्हणून आमच्याकडे कुणी अडवणार नाही, मलाही कुणी अडवलं नव्हतं. मेस्त कीबोर्ड बहुधा नको म्हणतील, मग त्याला बासवाल्यांच्या रांगेत उभा करा.

तुमच्यासाठीही एक सांगते. आम्ही काही मराठी कुटुंबं महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी आमच्या घरी भजनाला जमतो. टिळकांची भजनं, शास्त्रवाचन, प्रार्थना, मग भाकरी आणि गोव्याची माशांची कढी. मांय पहिल्या रांगेत बसतात, मराठी शब्द अडले तरी चाल पकडतात आणि दुसरा आवाज लावतात, जो त्या भजनांत पूर्वी कधीच नव्हता. नगरच्या मंडळीला तो कसा वाटेल माहीत नाही, मला फार आवडतो. आमच्याकडे पेटी आहे, टाळ आहेत, तबला वाजवणारं सध्या कुणी नाही. मला इथेच निरोप पाठवा, पत्ता कळवते. मुलगा कीबोर्ड घेऊन आला तरी चालेल.