वाचकांचे प्रश्न : गोंधळ्याचा आवाज आणि पैठणीचे नाव

प्रश्न : आम्ही काही मित्र मराठवाडी बोली समजणारा मोबाइल सहायक तयार करत आहोत. ‘आज सोयाबीनला काय भाव हाय?’ असे विचारणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत उत्तर मिळावे, हा हेतू. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी आम्ही गोंधळी आणि भारूडकारांची ध्वनिमुद्रणे केली होती. लोककला कोणा एकाच्या मालकीची नसते. मग ती वापरून यंत्राला शिकवायला हरकत काय? – एक वाचक, तुळजापूर

उत्तर : आपले म्हणणे निम्मेच बरोबर आहे. संत एकनाथांच्या भारुडांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही आणि परंपरेने चालत आलेल्या गोंधळगीतांचाही एकच एक कर्ता सहसा दाखवता येत नाही. मात्र ज्या कलावंताने ते गीत संबळाच्या ठेक्यावर आपल्यासमोर सादर केले, त्याला त्या सादरीकरणावर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार स्वतंत्र हक्क असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. प्रकल्पासाठी मिळालेला होकार प्रकल्पापुरताच होता, असे धरून चालावे.

यंत्राला शिकवण्यासाठी केलेला वापर हक्कभंग ठरतो काय, हा वाद एएनआय या वृत्तसंस्थेने ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नेला. पुढे केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये असे सुचवले, की कंपन्यांना सक्तीच्या परवान्याने (म्हणजे निर्मात्याला नकार देता येणार नाही अशा परवान्याने) साहित्य वापरू द्यावे आणि मोबदला एकत्र गोळा करून निर्मात्यांना वाटावा. कल्पना चांगली असली, तरी ज्याचे नाव कुठल्याच संस्थेच्या यादीत नाही, त्या गोंधळ्याच्या हाती ही रक्कम कशी पडणार, ही शंका उरतेच. आवाजाचेही तसेच आहे. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मनाई केली खरी. पण न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत प्रत्येक कलावंताची नसते.

तरीही आपण काम थांबवावे, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या माणसांचे आवाज दिलेच नाहीत, तर यंत्र पुस्तकी मराठीच शिकेल आणि ‘का?’ऐवजी ‘कामून?’ विचारणाऱ्या आजीला ते कधीच समजून घेणार नाही. मुळात (हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो) भाव विचारणाऱ्याचे बोलणे ओळखायला वाद्यांसह गायलेली गीते फारशी कामाची नाहीत. लातूरच्या आडतीवरचे रोजचे बोलणे, अर्थातच बोलणाऱ्यांना विचारून, नोंदवलेत तर अधिक उपयोग होईल.

गीते हवीच असतील, तर त्या कलावंतांकडे पुन्हा जा. संमतीपत्र सोप्या मराठीत लिहा, मोठ्याने वाचून दाखवा आणि होकार त्यांच्याच आवाजात नोंदवा. ध्वनिमुद्रण कोणाकडे राहील, त्यातून पैसा मिळाला तर वाटा किती, हे त्यात असावे; त्यांच्या आवाजाची नक्कल करणार असाल, तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी. केवळ विधीतच म्हणायची अशी त्यांची धारणा असलेली गीते बाजूला ठेवावीत. ‘नको वाटले तर काढून टाकू’ असे मोघम आश्वासन देऊ नका, कारण साठवलेले ध्वनिमुद्रण पुसता येते, पण यंत्राने त्यातून जे शिकून घेतले ते वेगळे काढणे फार अवघड असते. आणि बिदागी त्याच दिवशी हातात द्या.

प्रश्न : यंत्राने काढलेली मोरांची नक्षी कापडावर छापून ते ‘पैठणी’ म्हणून विकले जाते. आम्ही विणकरांनी काय करावे? – एक वाचक, पैठण

उत्तर : पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. त्याने नावाला संरक्षण मिळते, मोराच्या पारंपरिक नक्षीला नाही. छापील साडी पैठणी म्हणून विकणे हा त्या नावाचा गैरवापर असल्याने त्याविरुद्ध दाद मागता येते. त्यासाठी आपण भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. हातमागावरच्या पैठणीचे काठ-पदर दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, हे ग्राहकाला साडी उलटून दाखवा. नवी नक्षी सुचण्यासाठी आपणही यंत्राची मदत घेऊ शकता. स्वतःची नवी नक्षी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवल्यास १० वर्षे आणि मुदतवाढीने आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र अर्ज करण्यापूर्वी तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नये.