मीटिअरच्या टेस्ट राइडमध्ये नेमकं काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बरीच वर्षं स्प्लेंडर चालवताय, उंची साडेपाच फूट, आता रॉयल एनफील्डची मीटिअर ३५० घ्यायची आहे, मागे बहुतेक वेळा वहिनी असणार, आणि शनिवारी शोरूमवाल्याने पंधरा-वीस मिनिटं गाडी द्यायचं कबूल केलंय. तेवढ्या वेळात काय बघू?

क्रूझर पहिल्या दहा मिनिटांत जवळजवळ सगळ्यांनाच आवडते. सीट खाली, पाय पुढे, पाठ ताठ, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. गोची अशी की ज्या बैठकीमुळे सुरुवातीला आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतं, तीच तासाभराने माकडहाडाला लागते. तेव्हा गाडी पुढे कुठे त्रास देईल, हे शोधायला ही पंधरा मिनिटं वापरा.

इंजिन चालू करायच्या आधीच निम्मं काम होतं. मीटिअर १९१ किलोची आहे, तुमची स्प्लेंडर साधारण ११२ ची. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस जास्तीचा. सीट ७६५ मिमीवर असल्यामुळे बसल्यावर हे वजन जाणवत नाही, पार्किंगमधून गाडी काढताना जाणवतं. म्हणून साइड स्टँडवरून सरळ करा, खाली उतरून दहा-बारा फूट मागे ढकला, थोडा चढ असेल तर तिथेही. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार असेल तर ही परीक्षा चुकवू नका. मग बसून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. बाहेरच्या बाजूचा हात कोपरात सरळ होऊन खांदा ओढला जात असेल, तर हँडल तुम्हाला लांब पडतंय. यू-टर्नला नेमका तोच हात थ्रॉटलवर किंवा क्लचवर असतो.

आता तुमच्यासाठी सगळ्यात धोक्याची गोष्ट: गिअर. स्प्लेंडरला चारही गिअर पुढून दाबून पडतात. मीटिअरला पहिला खाली, बाकीचे चार वर. तिला टाचेचा दांडाही आहे, म्हणजे पहिला पुढून आणि पुढचे सगळे मागून, टाचेने. सवयीने चाळीसच्या वेगात पुढून दाबलंत की तिसऱ्याचा दुसरा पडतो, मागचं चाक गचका देतं आणि मागून येणारा रिक्षावाला आरसा पुसून जातो. निघण्याआधी उभ्या गाडीवर क्लच दाबून पायाला दहा वेळा वळण लावा. फूटपेगचंही, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्याचंही तसंच. निघाल्यावर पाय सवयीने मागे पेग शोधतो, आणि पेग असतो पुढे. पहिले दोन-तीन सिग्नल हे होणारच, घाबरू नका.

रस्ता तुम्ही ठरवा, सेल्समनवर सोडू नका. तो बहुधा सरळ, गुळगुळीत चक्कर मारून आणतो. आपल्या नाशिकात कॉलेज रोडसारखा सिग्नलचा पट्टा, कॉलनीतले दोन-चार स्पीडब्रेकर आणि मग गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे मोकळा रस्ता, एवढं मिळालं तर पुरे. शोरूम सातपूरकडे असेल तर त्र्यंबक रोड चालेल. सिंहस्थाच्या तयारीची कामं सुरू आहेत, तेव्हा आदल्या दिवशी आपल्या गाडीने तो रस्ता बघून या. वेळ सकाळी शोरूम उघडल्या-उघडल्याची घ्या. निघताना टायरमधली हवा बघायला सांगा. डेमो गाडीत ती बऱ्याचदा कमी असते, मग हँडल जड लागतं आणि दोष गाडीला जातो.

सिग्नलच्या पट्ट्यात तीन गोष्टी: क्लच दाबून बोटं किती दुखतात, उजव्या पोटरीला किती गरम लागतं आणि कमी वेगात पाचव्या गिअरला इंजिन कुरकुरतं का. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८५.८ मिमी, म्हणजे लांब स्ट्रोक. २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ४००० आरपीएमला मिळते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्यात ती निवांत ओढते. पण पन्नासच्या खाली पाचव्यात ठेवून थ्रॉटल पिळला की ठोके जाणवतात. तो दोष नाही, गिअर चुकला.

मोकळी जागा दिसली की यू-टर्न घ्याच. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १४०० मिमी आहे, आणि पुढचं चाक पुढे काढलेलं असल्यामुळे कमी वेगात हँडल आत कोसळतंय असं वाटतं. अर्धा क्लच, किंचित थ्रॉटल, मागचा ब्रेक हलका दाबलेला आणि नजर जिथे जायचंय तिथे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका. क्रूझर पडतात त्या हमरस्त्यावर कमी आणि अशा वळणांवर जास्त.

स्पीडब्रेकर वहिनींना मागे बसवून ओलांडा. त्यांना सोबत नेलंच पाहिजे, ही अट समजा. स्प्लेंडरवर खड्डा दिसला की तुम्ही पेगवर जोर देऊन जरा उठता. इथे पाय पुढे असल्यामुळे तसं उठता येत नाही आणि दणका थेट कण्याला बसतो. म्हणून वेग आधीच उतरवायची सवय लागते. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण, सहा टप्प्यांत बदलतो, दोघं बसणार असाल तर तो एक-दोन टप्पे वाढवून घ्या. शोरूमवाले कंटाळा करतील, तरी सांगा. मीटिअरचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी आहे, त्यामुळे पोट घासण्याची भीती कमी.

तिथेच कुणी 'दादा, थोडे जास्त घाला, सुपर मीटिअर ६५० घ्या' म्हणेल. तिची सीट ७४० मिमी, म्हणजे अजून खाली, आणि बसल्यावर ती जास्तच सोपी वाटते. पण वजन २४१ किलो, व्हीलबेस १५०० आणि पोटाखाली १३५ मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून ती जाते. आपल्या गल्ल्यांतले मात्र डांबराचे ढीग असतात: उंच आणि अरुंद. लांब गाडीचं पोट नेमकं त्यांच्या माथ्यावर येतं. शहरात रोजच्या वापराला मी तरी ती सुचवणार नाही.

मोकळ्या रस्त्यावर सत्तर-ऐंशीला पाच मिनिटं स्थिर चालवा. आरशात मागची गाडी ओळखू येते का बघा. काच असलेलं मॉडेल असेल तर थोडं वाकून आणि थोडं ताठ होऊन हेल्मेटवरच्या वाऱ्याचा आवाज बदलतो का ऐका. काचेची कड चुकीच्या उंचीवर आली तर वारा डोक्यावर आदळत राहतो. मागे कुणी नसताना एकदा जोरात ब्रेक मारा, पुढचा-मागचा दोन्ही. लांब आणि बुटक्या गाडीत वजन पुढे कमी सरकतं, म्हणून मागचा ब्रेक स्प्लेंडरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

परत आल्यावर लगेच उतरू नका. गाडी स्टँडवर, दोघंही बसलेले, वीस मिनिटं गप्पा मारा. वहिनींना पेगवर गुडघे किती दुमडावे लागतात आणि पाठीला टेका आहे का, हे तेव्हाच कळतं. टेका सगळ्या व्हेरिअंटना मिळत नाही.

शेवटचं, डेमो गाडी कोणत्या साली बनलेली आहे ते विचारा. २०२५ च्या बदलात मीटिअरला असिस्ट-स्लिपर क्लच आला, तो दाबायला हलका असतो. डेमो त्याआधीची असेल तर क्लच जड लागला म्हणून नाव ठेवू नका, नव्या गाडीचा दाबून बघा. फॉर्मवर सही करताना नुकसान झालं तर खर्च कुणाचा, ती ओळ वाचून घ्या.