केकचं प्रीमिक्स घरीच कर, पण आधी एवढं वाच

अगं, पहिल्याच खेपेला दोन किलोचा घाट घालू नकोस. एका केकपुरतं कर: 1 कप मैदा, पाऊण कप पिठीसाखर, 2 मोठे चमचे दूध पावडर, 1 छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. सगळं तीनदा चाळ. हा कंटाळा करू नकोस, सोड्याची गुठळी राहिली की तो घास कडू लागतो.

खरा शत्रू ओल. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि सोडा दोन्ही असतात, दमट हवेत ती बरणीतच कामाला लागते आणि केक बसतो. माझी पावसाळ्यातली अख्खी बरणी अशीच गेली. म्हणून कोरडा चमचा, घट्ट झाकण, वर तारखेची चिठ्ठी. पावडरीची शंका आली तर चमचाभर गरम पाण्यात टाक, फसफसली तर चांगली.

करताना अर्धा कप दही, पाव कप तेल, लागेल तसं दूध. 180 अंशांवर साधारण 35 मिनिटं. इसेन्स मात्र आयत्या वेळीच घाल. आणि हो, विकतच्या पाकिटाइतका फुगला नाही तर लगेच सोडा वाढवू नकोस!