सुप्याच्या बाजारात कर्जखते का जाळली गेली?

प्रश्न : शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या 1875 च्या दंग्याची सुरुवात झाली ते सुपे पारनेर तालुक्यातले की बारामतीचे? आणि सुरुवात तिथेच का झाली?

उत्तर : बारामतीचे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात मोडत असे, म्हणून जुन्या कागदांत ‘सुपे, तालुका भीमथडी’ असेच शोधावे. पुढे दंगा पारनेरकडेही पसरला, त्यामुळे दोन सुप्यांची गल्लत होते. सुपे हे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या जिरायत गावांतला शेतकरी धान्य विकायला इथेच येई आणि ज्याला विकायचे तोच बहुधा त्याचा सावकारही असे. 12 मे 1875 रोजी जमलेल्या लोकांनी सावकारांकडे हिशेबाच्या वह्या आणि कर्जखते मागितली. हाती लागली ती जाळली, धान्याची दुकाने लुटली. पुढे बऱ्याच गावांत ज्याने मुकाट्याने कागद दिले त्याला सोडून दिले गेले. राग कशावर होता, हे यावरून स्पष्ट दिसते.

प्रश्न : पण शंभर रुपयांचे कर्ज पाचशेवर जाई कसे?

उत्तर : 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या (नोंदणी न केलेल्या) कर्जखतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षे ठरली. कर्ज अनेक वर्षे साचू नये हा हेतू, पण घडले उलटे. मुदत संपत आली की सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून त्या रकमेचे नवे खत लिहून घेई. उदाहरणादाखल दरमहा शेकडा दोन रुपये व्याज धरा. तीन वर्षांत शंभराचे 172 होतात. त्यांचे नवे खत केले की सहाव्या वर्षी सुमारे 296, नवव्या वर्षी जवळजवळ 509. नव्या खतावर मूळ शंभराचा उल्लेखच नसे, आणि कोर्ट खतावरचा आकडा प्रमाण मानी. अंगठा उठवणाऱ्याला तो वाचता येत नव्हता.

त्यात काळ वाईट आला. अमेरिकेतल्या यादवीमुळे (1861 ते 1865) इकडच्या कापसाला भाव चढला, सावकारांनी सढळ हाताने पैसा दिला. युद्ध संपताच भाव पडले. त्याच सुमारास इंदापूरपासून साऱ्याची (सरकारी शेतसाऱ्याची) फेरआकारणी सुरू झाली आणि कित्येक गावांचा सारा निम्म्याहून अधिक वाढला. पीक येवो न येवो, तो रोखच भरायचा, आणि नेमका तेव्हाच सावकाराने हात आखडला. दंग्यांनंतर झालेला 1879 चा कायदा मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासून हिशेब तपासता येऊ लागला.

प्रश्न : आमची जमीन तेव्हा कोणाकडे गेली, हे कसे शोधावे?

उत्तर : आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल, जुन्या कागदांत मात्र सर्व्हे नंबर आहेत. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या, म्हणजे कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते कळेल. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून फेरफार एकेक करून मागे न्या. हक्कनोंदणीचा कायदाच 1903 चा, त्यामुळे हा माग विसाव्या शतकाच्या आरंभाशी थांबतो. त्याआधीसाठी बंदोबस्ताचे, म्हणजे सारा ठरवतानाचे, कागद पाहावे लागतात. ते बरेचसे मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचक सोबत न्या. वर्ष फसली (जुने महसुली वर्ष) असेल तर त्यात 590 मिळवा, म्हणजे ते फसली वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. मे 1875 हा 1874 मध्ये सुरू झालेल्या फसली 1284 मध्ये येतो.

इथे बहुतेकजण फसतात ते खातेदाराच्या नावावर. खाते म्हणजे सारा भरण्याची जबाबदारी. जमीन प्रत्यक्षात गिळल्यावरही अनेक सावकार खाते कर्जदार शेतकऱ्याच्याच नावावर राहू देत आणि त्याच्याकडून खंड घेत. त्यामुळे 1875 च्या कागदात पणजोबांचे नाव दिसले तरी जमीन त्यांच्याकडे होती असे धरू नका. त्याच काळातले गहाणखत, खरेदीखत किंवा कोर्टाचा हुकूमनामा मिळतो का ते पाहा.