बुबुळ आणि किडनी: वाचकांच्या शंका

‘डोळा बिघडला म्हणजे किडनीही बिघडली का?’ ही विचारणा थांबत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तसे नसते. मोजक्या आजारांत मात्र दोन्हींचा खरोखर संबंध असतो. (इथे बुबुळ म्हणजे कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा.)

मुलीला केरॅटोकोनस (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येणे) आहे. किडनीची सोनोग्राफी करू का? (पंचवटी)
त्यासाठी नको. तिचे डोळे चोळणे थांबवा आणि नंबर वाढतोय का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

शिबिरात डोळ्याचा फोटो काढून ‘किडनी कमजोर’ म्हणाले आणि तीन महिन्यांचे भस्म दिले. (सिन्नर)
घेऊ नका. फोटोवरून किडनी कळत नाही. लघवीची तपासणी आणि रक्तातले क्रिएटिनिन यांवरून कळते. काही भस्मांत पारा, शिसे असते, त्याने चांगली किडनीही जाते. तपासण्या करून फिजिशियनला दाखवा.

चार वर्षांचा मुलगा उन्हात डोळेच उघडत नाही. वर्षभर अ‍ॅलर्जीचे थेंब चालू आहेत. रात्री उठून तांब्याभर पाणी पितो, वजन वाढत नाही. (निफाड)
ताई, हे वर्ष वाया जायला नको होते. उजेड सोसत नाही, तहान फार आणि वाढ खुंटलेली, हे तिन्ही एकत्र दिसले की माझ्या मनात सिस्टिनोसिस येतो. आजार दुर्मिळ आहे, आई-वडील दोघांकडून आलेल्या जनुकदोषाने होतो. पेशींत सिस्टिन नावाचे अमिनो आम्ल साठते. स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून पाहायचे डॉक्टरांचे यंत्र) बुबुळात सुईच्या टोकाएवढे असंख्य चमकते कण दिसतात, जणू काचेचा चुरा. तेच सिस्टिन किडनीतही साठते. उपचार नसतील तर साधारण दहाव्या वर्षापर्यंत किडनी निकामी होते. सिस्टेअमिनचे पोटातले औषध ही हानी लांबवते. बुबुळात रक्तवाहिन्या नसल्याने ते तिथे पोचत नाही, डोळ्यासाठी त्याचे थेंब वेगळे लागतात. तुमच्या मुलाला हेच आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही. पण ‘द्राक्षांचा हंगाम उरकला की बघू’ असे लिहिलेत, तेवढे थांबू नका. याच आठवड्यात स्लिट लॅम्प आणि लघवीची तपासणी करा, मुलांच्या किडनीतज्ज्ञांना भेटा. मेडिकलमधून स्टेरॉईडचे थेंब तर मुळीच आणू नका.

वडिलांचे डायलिसिस चालू आहे, डोळे लाल होऊन खुपतात. (नाशिकरोड)
कॅल्शियम-फॉस्फरस बिघडले की क्षार बुबुळावर साचतात. डोळे दाखवा, ताजे रिपोर्ट सोबत न्या. नेफ्रॉलॉजिस्टनाही (किडनीतज्ज्ञांना) सांगा.

डायलिसिसवरच्या माणसाला नेत्रदान करता येते का? (सातपूर)
बहुधा येते, अंतिम निर्णय नेत्रपेढीचा. मृत्यूनंतर 6 तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा.